स्टँडवरची चैताली

फ्लेक्सवर चैतालीचं फक्त तोंड होतं. गळ्याखालची खाकी वर्दी कुणा दुसऱ्याच बाईची. छापणाऱ्या पोरानं मोबाइलवर शोधून ती चैतालीच्या तोंडाला जोडली होती, आणि जोडताना मान जरा जास्तच लांब झाली होती. तोंड सावळं, हात गोरेपान. वर मोठ्या अक्षरांत ‘खाकीचं स्वप्न साकार!’, त्याहून मोठा विजयसिंहदादांचा फोटो, मोबाइल कानाला लावलेला. खाली शुभेच्छुकांची रांग. सोमनाथ, तानाजी, कट्ट्यावरची बाकीची पोरं, मी, आणि अगदी शेवटच्या गोलात मूठ चोखणारी माझी गौतमी. तिच्या नावाखाली ‘बालशुभेच्छुक’.

घाटनांदूरच्या स्टँडवर, चहाच्या टपरीच्या वर हा फ्लेक्स लागला त्या दिवशी चैताली स्वतःच त्याच्याखाली उभी राहून हसून हसून वाकली होती.

“ताई, मान बघा की! ही पोलीस भरती हाय का जिराफ भरती?”

अंबाजोगाईच्या एका संस्थेनं आमच्या गावात युवा कट्टा सुरू केलाय, त्याची मी समन्वयक. ग्रामपंचायतीची एक जुनी खोली, कॅरम, पेपर आणि एक स्टॉपवॉच. सुरुवातीला दारावर ‘युवकांचे मानसिक आरोग्य मार्गदर्शन केंद्र’ अशी पाटी लावली होती. कुणी फिरकलं नाही. एक जण आला, तो सर्टिफिकेट मिळतं का एवढं विचारून गेला. मग मी पाटी काढली आणि कॅरम दाराजवळ ओढला. आमच्याकडची पोरं मनातलं समोरासमोर बसून सांगत नाहीत. सोंगटी मारता मारता सांगतात, नजर बोर्डावर ठेवून. नाहीतर पळून आल्यावर, दम लागलेला असताना. भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे स्टेशनच्या रस्त्याला पळायची आणि मी कडेला घड्याळ धरून उभी राहायचे. थांबलं की आधी वेळ विचारायची, मग हळूच घरचं काहीतरी निघायचं.

गौतमीच्या वेळची रजा संपली तेव्हा तीही माझ्या कडेवर कट्ट्यावर यायला लागली. सासूबाई कापूस वेचायला जातात, नवरा, संजय, माजलगावकडच्या साखर कारखान्यावर असतो, रविवारी येतो. मग लेकराला ठेवणार कुणाजवळ? पोरांनी तिला आपापसांत वाटून घेतलं. सोमनाथ तिला खांद्यावर घेऊन गावभर मिरवायचा. तानाजी लांबूनच “ए ठमे” म्हणायचा, कारण एवढंसं लेकरू हातातून निसटेल याची त्याला धास्ती. आणि चैताली पळून आली की घामेजलेले हात ओढणीला पुसायची, तोंड न उघडता तिला माझ्या कडेवरून काढून घ्यायची आणि मग पायरीवर बसून दम खायची. गौतमी तिची वेणी चोखायची. त्या वेणीला घामाची खारट चव असणार, म्हणूनच आवडत असेल.

तर भरतीची यादी लागली, त्यात चैतालीचं नाव होतं. यादीच्या डोक्यावर ‘तात्पुरती’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पण आमच्या गावात यादी पूर्ण वाचून होईपर्यंत गुलाल उधळून झालेला असतो. उघड्या जीपवरून मिरवणूक निघाली, डीजे लागला, मी गौतमीच्या कानांवर हात ठेवून मागं मागं चालले. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स. त्यानंतर हरकती आल्या, गुण वर-खाली झाले, आणि अंतिम यादी लागली तेव्हा चैताली प्रतीक्षा यादीत गेली होती. थोडक्यात गेली. पण गेली.

गुलाल धुऊन निघाला. फ्लेक्स राहिला.

ज्यांना कळलं नव्हतं ते स्टँडवर विचारायचे, “मॅडम, जॉइनिंग कधी?” ज्यांना कळलं होतं ते एकदा वर बघायचे, एकदा तिच्याकडं, आणि मग चहाच्या कपात बघायचे. ती थोडे दिवस पळायला आली. मग यायची बंद झाली. मग फोन बंद. सोमनाथ घरी जाऊन आला.

“झोपलीय म्हणले. ताई, चैताली अन् दुपारी झोपती? ती पोरगी बसली तरी पाय हालतात तिचे.”

त्या दिवशी कॅरमवर कुणाचं लक्ष नव्हतं.

“रातच्याला जातो, ब्लेड मारतो, विषय संपला,” तानाजी म्हणाला.

“अन् सकाळी दादाचा फोटो फाटलेला दिसला की?” सोमनाथनं स्ट्रायकर खाली ठेवला. “कुणी फाडला, कावून फाडला, कुठल्या गल्लीतल्यानं फाडला. दहा वाजता रास्ता रोको. अकराला पोलीस गाडी. येडा हाय का बे तू?”

“पोलीस गाडीच यायची तर,” तानाजी खाली मान घालून म्हणाला, “तिच्यात बसून चैताली यायला पायजे होती.”

गौतमीनं तेवढ्यात क्वीन उचलून तोंडात घातली आणि ती काढता काढता सगळ्यांची धांदल उडाली, ते बरं झालं.

दादांचा फोटो ही एक अडचण. दुसरी अडचण चैतालीचे वडील. बाळूभाऊ गवंडी आहेत. काम सुटलं की ते रोज त्या फ्लेक्सखालीच चहा घ्यायचे. कुणी काही म्हटलं की सांगायचे, “प्रतीक्षेतून बी घेतात. राहू द्या. काढला की अपशकुन व्हतो.” त्या मोठ्या फोटोखाली बसलेला तो बारीकसा माणूस बघितला की माझ्याच्यानं पुढं बोलवायचं नाही.

मला मात्र फ्लेक्सची नाही, चैतालीची काळजी वाटत होती. या कामात एक गोष्ट शिकवलेली असते. सारखी हालणारी पोरगी एकदम गप्प झाली, फोन बंद केला, माणसं टाळायला लागली, की वाट बघत बसायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी निघाले. सासूबाईंनी हातात डबा दिला.

“येसराची आमटी हाय. म्हणावं, मालनबाईनं दिलीय, न्हाई म्हणायचं न्हाई. अन् लेकराला घेऊन जा संगं. मोकळ्या हातानं गेलीस तर तुला बी झोपलीय म्हणूनच सांगतील.”

दार तिच्या आईनं, विमलमावशींनी उघडलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, गौतमीकडं बघितलं, आणि बाजूला सरकल्या. आतल्या खोलीत चैताली भिंतीकडं तोंड करून पडली होती. पायात बूट नव्हते. तिला मी बुटांशिवाय कधी बघितलं नव्हतं. गौतमीला तिच्या पाठीमागं गादीवर ठेवलं आणि खाली फरशीवर बसले. गौतमीनं थोडा वेळ अंदाज घेतला, मग दोन्ही हातांनी वेणी धरली आणि ओढली.

“वढू नको गं,” चैताली म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. मग ती वळली. नुसती वेणी सोडवायला वळली खरं तर, पण गौतमी सोडते थोडीच. थोड्या वेळानं ती उठून बसली होती, मांडीवर गौतमी, गौतमीच्या मुठीत भाकरीचा कडक पापुद्रा, आणि चैतालीच्या समोर आमटीचं ताट. चार घास खाल्ले तिनं.

मग मी विचारलं. प्रशिक्षणात हा प्रश्न म्हणून बघितला होता, पण तिथं समोर दुसरी कार्यकर्ती हसू दाबत बसलेली असायची. इथं माझंच लेकरू तिच्या मांडीवर होतं.

“चैताली, जीव द्यावा असं मनात येतं का?”

बाहेर भांड्यांचा आवाज थांबला.

“तुमाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मीच विचारतेय.”

ती गौतमीच्या पाठीवर थोपटत राहिली. गौतमीला झोप आलेली नव्हती, तरी थोपटत राहिली.

“येतं,” ती म्हणाली. “सारखं न्हाई. स्टँडवरून आलं की येतं. ती बाई वरून बघती ना माझ्याकडं. माझं तोंड लावून बसलीय. वाटतं, खरी तीच हाय, अन् मी उगंच खाली हिंडायलीय.”

मी तिचा हात धरला. कसं, कधी, जवळ काही ठेवलंय का, हेही सगळं विचारलं. तिनं सांगितलं. तसं काही ठरवलेलं नव्हतं, नुसता विचार येऊन बसायचा.

“मला वाटलं तुमी वरडताल,” ती म्हणाली. “न्हाईतर रडताल.”

“रडेन की, घरी जाऊन. आत्ता मी आणि गौतमी दोघी एकदम रडलो तर तुला आवरणार आहे का?”

तिच्या नाकातून जरासं हसू बाहेर पडलं.

मग मी काय काय करायचं ते सांगितलं. आईपासून लपवायचं नाही. थोडे दिवस एकटीनं राहायचं नाही. उद्या अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टर मॅडमकडं जायचं, मी सोबत. आणि कुठल्याही वेळी कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारी हेल्पलाइनचा फोन.

“येड्याच्या डॉक्टरकडं?”

“तुझी पोटरी धरली होती तेव्हा दाखवलीस ना डॉक्टरला? मग लंगडी म्हणालं का कुणी?”

तिनं पोटरीवरून हात फिरवला.

“आणि तो विचार आला की सरळ माझ्याकडं ये. कट्ट्यावर ये, नाहीतर घरी. बोलावंसं नाही वाटलं तर बोलू नको. रोज घेतेस तशी गौतमीला माझ्या कडेवरून घे आणि बस. मी जवळ येऊन बसेन.”

विमलमावशी दारात उभ्या होत्या, हातात ओलं ताट तसंच. किती ऐकलं कोण जाणे, सगळंच असेल. “मी बी येते उद्या,” त्या म्हणाल्या. “मला बी दाखवायचंय त्या मॅडमला. मला बी झोप न्हाई किती दिस झाले.” आणि चैताली आईकडं अशी बघायला लागली, जशी ती आत्ताच गावाहून आलीय.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी खरंच रडले. गौतमी माझ्या नाकाला धरून खेळत होती, तिला वाटलं नवीन काहीतरी खेळ आहे.

मॅडम चांगल्या निघाल्या. गोळ्या दिल्या थोड्या, पण त्याहून जास्त ऐकून घेतलं. दर आठवड्याला यायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला परतताना बसमध्ये चैताली खिडकीतून बाहेर बघत एकदम म्हणाली, “फ्लेक्स मीच काढते. पण दिवसा काढते. सगळ्यांसमोर.”

“कावून दिवसा?” विमलमावशी दचकल्या.

“रातच्याला काढला तर चोरी केल्यावानी वाटल.”

मग आधी दादांकडं जावं लागलं. मी, सोमनाथ आणि गौतमी. विजयसिंहदादा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, मोबाइल थेट फ्लेक्ससारखाच कानाला. फोन ठेवल्यावर सोमनाथनं सगळं सांगितलं, म्हणजे फ्लेक्स काढायचाय एवढंच; बाकीचं सांगायचं नाही असं आमचं ठरलेलं.

“काढा की,” दादा म्हणाले. “त्यात इचारायचं काय? फक्त फोटो मधून उभा फाडू नका, गुंडाळून न्या. अन् जागा मोकळी व्हायलीच हाय तर पुढल्या महिन्यात माझा वाढदिवस हाय, बरं का.”

सोमनाथनं माझ्याकडं बघितलं. मी गौतमीकडं.

निघताना दादांनी हाक मारली. आवाज जरा खाली आला होता. “बाळूच्या पोरीला म्हणावं, मी बी दोनदा पडलोय. पंचायत समितीला. पहिल्यांदा पडलो तवा महिनाभर मळ्यातून गावात आलो नव्हतो. कुणाला सांगू नका.”

राहिले बाळूभाऊ. त्यांच्याशी मी बोलते म्हटलं तर चैताली नको म्हणाली. ती काय बोलली ते मला विमलमावशींनी सांगितलं. जेवताना बापाच्या ताटात भाकरी टाकत ती म्हणाली, “पप्पा, तुमी रोज त्या बाईला बघाया जाता. तिला काढू द्या. मग मी घरात दिसल तुमाला.”

बाळूभाऊंनी भाकरी तशीच ठेवली आणि उठून बाहेर गेले. मावशींना वाटलं, बिघडलं सगळं. थोड्या वेळानं ते खांद्यावर कामावरची शिडी घेऊन आले आणि ती भिंतीला टेकवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही स्टँडवर गेलो. परळीची गाडी नुकतीच लागली होती, टपरीवर गर्दी. बाळूभाऊंनी शिडी लावली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. चैताली वर चढली. पायात बूट होते, एवढं मी बघून घेतलं. सोमनाथ आणि तानाजी खाली फ्लेक्स झेलायला. टपरीवाल्या रामप्रसादकाकांनी मान वर केली.

“अगं, कावून काढायलीस? ऱ्हाऊ दे की. शोभा हाय टपरीला.”

चैतालीनं एक दोरी सोडली. सगळा स्टँड वर बघत होता. मी गौतमीला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली.

“माझं झालं न्हाई, काका,” चैताली वरूनच म्हणाली. मोठ्यानं. “अंतिम यादीत नाव न्हाई. प्रतीक्षेत हाय मी.”

स्टोव्हचा आवाज तेवढा चालू होता. रामप्रसादकाकांनी पातेल्यातला चहा एकदा ढवळला.

“बरं,” ते म्हणाले. “मग चहा किती टाकू?”

“सगळ्यांचा टाका,” सोमनाथ म्हणाला.

बसमधल्या बाईनं खिडकीतून मान आत घेतली. कुणीतरी सुट्ट्यावरून कंडक्टरशी वाद घालायला लागलं. फ्लेक्सचा एक कोपरा सुटून खाली लोंबला आणि वर्दीतल्या बाईचं अर्धं अंग दुमडलं. शिडीच्या पायऱ्यांमधून बाळूभाऊंचा चेहरा नीट दिसत नव्हता. पण ते म्हणाले, “माझ्यात साखर जास्त, रामप्रसाद.” हे म्हणताना त्यांचा आवाज फाटला, आणि चैतालीनं दुसरी दोरी सोडायच्या आधी खाली बघून विचारलं, “पप्पा, धरलीय ना नीट?”

“धरलीय. तू काढ.”

फ्लेक्स कट्ट्यावर आणला. थंडीचे दिवस, फरशी बर्फासारखी, आणि गौतमी नुकती रांगायला लागलेली. म्हणून तो तिच्यासाठी खाली अंथरायचं ठरलं. तानाजी म्हणाला, छापलेली बाजू खाली करू.

“वर ऱ्हाऊ दे,” चैताली म्हणाली. “लोळू दे तिला त्या बाईवर.”

गौतमी आधी स्वतःच्या फोटोपर्यंत गेली, त्याला ओळख दिली नाही, मग लांब मानेवरून चढून, वर्दी तुडवत थेट विजयसिंहदादांच्या चेहऱ्यावर जाऊन बसली. आणि बसल्या बसल्या मुतली.

“दादांचा फोन भिजला बे!” तानाजी ओरडला.

सोमनाथ भिंतीला धरून हसला. मी लंगोट बदलायला धावले. चैताली गुडघ्यांत डोकं घालून इतकी हसली की शेवटी तिला उचकी लागली. पुढं कधीतरी दादांनी सोमनाथला विचारलं, फ्लेक्सचं काय केलं. तो म्हणाला, “जपून ठेवलाय दादा. रोज पुसतो.”

हसली म्हणजे बरी झाली असं समजू नका, असं मॅडमनी आधीच बजावलं होतं, आणि ते खरं होतं. त्यानंतरही काही दिवस असे आले की चैताली कट्ट्याच्या दारात उभी राहायची, डोळे कोरडे, चेहरा दगड, आणि न बोलता गौतमीला माझ्या कडेवरून काढून घ्यायची. मी हातातलं टाकून पायरीवर तिच्या शेजारी जाऊन बसायचे. कधी ती सांगायची, कधी नाही. एकदा मॅडमना तिथूनच फोन लावला. एकदा नुसत्याच बसलो. गौतमी वेणी चोखत झोपून गेली आणि चैताली हात अवघडला तरी हलली नाही.

पहाटेच्या पळण्यालाही ती परत आली, पण पळायला नाही. “घड्याळ मी धरते ताई, तुमी लेकराला शाल घाला नीट,” म्हणाली. पोरांना वेळ सांगताना ती एक सेकंदही सोडत नाही. तानाजीला तर रोज शिव्या पडतात. भरतीचा फॉर्म पुन्हा भरायचा की नाही, ते तिनं अजून ठरवलेलं नाही. कुणी विचारलं तर तेच सांगते, “ठरलं न्हाई.” बाळूभाऊ आता कामावरून सुटल्यावरचा चहा घरीच घेतात.

परवा दुपारी मी सतरंजी झटकत होते. गौतमी कडेवर. चैताली आली, बूट काढले, आणि एक शब्द न बोलता तिला माझ्याकडून घेतलं.

बरेच दिवस तसं झालं नव्हतं. सतरंजी तशीच दारात टाकली आणि मी पायरीवर तिच्या शेजारी जाऊन बसले. घाई करायची नाही, हे मला माहीत आहे. कडुनिंबाखाली कोंबड्या माती उकरत होत्या. स्टेशनकडून गाडीची शिट्टी आली. चैताली गौतमीच्या तोंडाकडं बघत होती.

“काय झालं?” शेवटी मीच विचारलं.

“कुठं काय?” तिनं गौतमीचा वरचा ओठ बोटानं हळूच उचलला. “मालनआज्जी सकाळी म्हणल्या, वरचा दात आलाय. बघाया आले. आज नुसतीच आले ताई.”

मी तिच्याकडं बघितलं. नीट, वेळ घेऊन बघितलं. तिलाही ते कळलं.

“खरंच,” ती म्हणाली. “नुसतीच.” आणि पुढच्याच क्षणाला, “आगागा! चावली! ताई, चावली ही बया!”

गौतमी खदाखदा हसली. दारात सतरंजी अर्धी आत, अर्धी बाहेर पडली होती. ती उचलायला मी उठणार होते, पण मग तिथंच बसून राहिले.